कुत्रा विचारतो काय आणि आपण वाचतो काय

समाजमाध्यमांवर एका विशिष्ट प्रकारच्या चित्रफितींना तोटा नाही. फाडलेल्या उशीचा कापूस खोलीभर पसरलेला असतो, मालक दरडावून ‘हे कोणी केलं?’ असे विचारत असतो आणि समोरचा कुत्रा कान पाडून, शेपूट पायांत घालून, डोळ्यांच्या कडेने त्याच्याकडे पाहत असतो. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: चोराच्या मनात चांदणे, बघा कसा ओशाळला आहे, याला सगळे कळते. यातल्या शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप नाही, कारण कुत्र्याला खरोखरच बरेच काही कळते. आक्षेप हा आहे की त्या क्षणी तो जे सांगत असतो ते आपण ऐकत नाही आणि जे तो सांगतच नाही ते त्याच्या तोंडी घालतो.

अमेरिकेतील बार्नार्ड कॉलेजच्या संशोधक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये नेमका हाच ‘ओशाळलेला चेहरा’ तपासला. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ न खाण्याची आज्ञा देऊन खोलीबाहेर जायचे आणि परत आल्यावर कुत्र्याने तो खाल्ला की नाही हे संशोधकांकडून ऐकायचे, अशी मांडणी होती. मात्र मालकाला मिळणारी माहिती काही वेळा मुद्दाम खोटी असे. खाऊ खाण्याचा आणि त्या चेहऱ्याचा काहीही संबंध आढळला नाही. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी. एवढेच नव्हे, तर खाऊला तोंडही न लावता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये तो चेहरा अधिक ठळक होता. कुत्र्याला अपराधभाव नसतोच, असे यावरून सिद्ध होत नाही. चेहऱ्यावरून तो ओळखता येत नाही, एवढे मात्र सिद्ध होते. तो चेहरा म्हणजे ‘तू चिडला आहेस, आता हे प्रकरण इथेच मिटव’ अशी विनवणी असते, आणि तिला उत्तर म्हणून आपण मोबाइल काढून चित्रण करतो, हे मला निर्दय वाटते.

कुत्र्याची माणसाकडे वळणारी नजर बहुतेक वेळा काहीतरी मागत किंवा विचारत असते. बुडापेस्टच्या ओट्वोश लोरांड विद्यापीठात आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांनीच हाताने वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांची तुलना केली होती. दोघांनाही आधी मांस मिळवण्याची युक्ती शिकवली गेली आणि मग गुपचूप ती युक्ती चालणार नाही अशी व्यवस्था केली गेली. लांडगे झटत राहिले. कुत्रे थोडा प्रयत्न करून थांबले आणि जवळच्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागले. सारखेच पालनपोषण होऊनही हा फरक उरला, म्हणून तो केवळ संगतीचा परिणाम मानता येत नाही.

याच निरीक्षणाचा उलट अर्थ लावणारेही आहेत. मोनिक उडेल यांनी २०१५ मध्ये सुटू शकणारे कोडे, म्हणजे जोर लावून उघडता येणारा खाऊचा डबा, दिला. तेव्हा बहुतेक लांडग्यांनी तो उघडला आणि कुत्र्यांपैकी जवळजवळ कोणालाच तो उघडता आला नाही. यावरून कुत्रा परावलंबी झाला, त्याची बुद्धी माणसाने गहाण ठेवून घेतली, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्या प्राण्याच्या जगात दार, डबा, पट्टा आणि जेवणाची वेळ हे सगळे दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने डब्याशी झुंजत बसण्यापेक्षा त्या दुसऱ्याला विचारणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. परावलंबन असेलच तर ते आपण निर्माण केलेले आहे, आणि म्हणून त्या नजरेला उत्तर देण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

ही नजर पाहणारा कोणी आहे की नाही, याचेही भान कुत्र्याला असते. ज्युलियान कामिन्स्की यांच्या २०१७ मधील अभ्यासात माणूस समोर तोंड करून असताना कुत्र्यांच्या चेहऱ्याच्या हालचाली वाढल्या आणि त्याने पाठ फिरवल्यावर कमी झाल्या. त्याच्या हातात खाऊ आहे की नाही, याने मात्र फरक पडला नाही. पुढे २०१९ मध्ये भुवईचा आतला भाग उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक आणि लांडग्यांत नाममात्र असल्याचे दाखवणारा शोधनिबंध आला आणि ‘कुत्र्यांनी आपल्यासाठी भुवया घडवल्या’ असे मथळे सर्वत्र झळकले. पण २०२४ मध्ये हाच स्नायू आफ्रिकेतील रानकुत्र्यांतही सुविकसित असल्याचे दिसून आले, आणि त्यांना तर कोणी पाळलेले नाही. नजरभेटीने कुत्रा आणि माणूस दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माया-जवळिकीशी जोडले जाणारे संप्रेरक वाढते, असे सांगणारा २०१५ चा जपानी अभ्यासही असाच सरसकट वापरला जातो. कुत्र्यांना नाकावाटे ते संप्रेरक दिल्यावर नजर टिकवण्याचा काळ वाढला तो फक्त माद्यांमध्ये, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. प्रेमाचा पुरावा म्हणून आपल्याला जे हवे असते ते आपण अशा निबंधांतून उचलतो.

आपण बोट दाखवले की कुत्रा बोटाकडे न पाहता बोटाच्या रोखाने पाहतो, हे मला या साऱ्यांत सर्वांत विलक्षण वाटते. ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की लपवलेला खाऊ शोधण्यासाठी माणसाच्या खुणा समजून घेण्यात कुत्रे चिंपांझींपेक्षा सरस ठरतात. पुढे २०२१ मध्ये ३७५ पिल्लांवर झालेल्या अभ्यासात जेमतेम आठ आठवड्यांची पिल्लेही ही खूण ओळखत होती आणि पिल्लापिल्लांमधल्या या क्षमतेच्या फरकाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग आनुवंशिक होता. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाला तर कोणीही न शिकवलेले रस्त्यावरचे कुत्रे दूरवरून केलेली खूण समजताना आढळले; जे कुत्रे भीतीमुळे पुढे आलेच नाहीत त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्या भीतीचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

तरीही सगळेच जन्मजात नसते. फ्रान्समध्ये फ्लॉरेन्स गोने यांनी २००८ मध्ये अंध व्यक्तींचे मार्गदर्शक कुत्रे आणि डोळस मालकांचे कुत्रे खाणे कसे मागतात, हे पाहिले. मालकाला दिसत नसतानाही मार्गदर्शक कुत्रे त्याच्याकडे इतर कुत्र्यांइतकेच पाहत होते. परंतु त्यांनी एक भर घातली होती, ती म्हणजे ओठ मोठ्याने चाटून आवाज करण्याची. मालकाला दिसत नाही, हे त्यांना कळले होते असे म्हणवत नाही; कोणत्या खुणेला उत्तर मिळते, हे मात्र ते नक्की शिकले होते. म्हणजे कुत्रा माणसाशी काय आणि कसे बोलेल, हे आपण कशाला दाद देतो यावरही ठरते.

इथे मला काळजी वाटते ती चावण्याच्या घटनांची. जांभई, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, अंग ताठ होणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, या सगळ्या खुणांनी कुत्रा आधी ‘नको’ म्हणत असतो. मूल त्याच्या गळ्यात हात टाकून चेहऱ्याला चेहरा भिडवते आणि घरातली मोठी माणसे कौतुकाने पाहत राहतात. लहान मुले कुत्र्याने विचकलेल्या दातांना हसू समजतात, असे अभ्यासांत आढळले आहे. मुलांचे ठीक आहे, पण मोठ्यांनी तरी फरक ओळखायला हवा. सौम्य खुणा वाया गेल्यावर कुत्रा गुरगुरतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला फटका बसतो. गुरगुरल्यावर मार मिळतो हे शिकलेला कुत्रा गुरगुरणे सोडतो, त्याचा त्रास मात्र तसाच राहतो, आणि पुढच्या खेपेला ‘काही कारण नसताना अचानक चावला’ अशी तक्रार ऐकू येते. गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून आधी मुलाला शांतपणे दूर करावे आणि मग कुत्र्याला कशाचा त्रास होत होता, दुखरा कान, हिसकावलेले हाड की कोपऱ्यात सापडल्याची भीती, ते शोधावे. त्याला रागावण्याची गरज यात कुठेच येत नाही.