फुल स्क्रीन होत नाही म्हणता? आधी धुरा कोणाचा ते पाहू

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला, तीन ग्रुपांतून आणि वर एका भाच्याकडून. मजकूर थोडक्यात असा: लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकतात त्या मोफत सिस्टीमवर, विंडोजचे गेम फुल स्क्रीन होतच नाहीत. कारण ते गेम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं सॉफ्टवेअर हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा, आहे, आणि एम्युलेटरला अर्धीच स्क्रीन मिळते. काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे लॅपटॉपचं ग्राफिक्स कमजोर. रिझोल्यूशन (स्क्रीनचं पिक्सेलमधलं माप) बदलायला गेलात तर स्क्रीन कायमची बिघडते. विंडोजवर असा त्रास कधीच नसतो, तेव्हा कुठूनही ‘फुल व्हर्जन’ विंडोज टाकून घ्या. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो, सोबत ऑनलाइन फॉर्म भरून देतो. सोयाबीन विकून झालं की नागपूरहून आणलेले सेकंडहँड लॅपटॉप दुकानात यायला लागतात. चार जीबी रॅम, १३६६ × ७६८ ची स्क्रीन, बॅटरी मेलेली. त्यात मी बहुतेक वेळा लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून देतो. म्हणजे हा मेसेज माझ्या पोटावर येतो, हे आधीच कबूल करतो. तरी त्यातलं चूक ते चूकच.

पहिला मुद्दा एम्युलेटरचा. वाइनच्या नावाची फोडच मुळी ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ अशी आहे. १९९३ पासून चालत आलेला हा प्रकल्प प्रोसेसरची नक्कल करत नाही. गेम विंडोजकडे जे मागतो, खिडकी दे, फाइल उघड, आवाज वाजव, त्या प्रत्येक मागणीचं लिनक्सच्या भाषेत रूपांतर करतो, एवढंच. चित्राचंही तसंच. गेम डायरेक्ट-थ्रीडी या विंडोजच्या चित्रभाषेत बोलतो, वाइन ते ओपनजीएल या लिनक्सला कळणाऱ्या चित्रभाषेत सांगतं. डीएक्सव्हीके नावाचा दुसरा दुभाषी लावला तर तेच व्हल्कन नावाच्या तसल्याच दुसऱ्या भाषेत जातं. यात ‘अर्धी स्क्रीन’ कुठेच येत नाही. वाल्व्ह कंपनीने २०१८ साली वाइनवरच बेतलेलं प्रोटॉन आणलं, आणि २०२२ पासून त्यांचा स्टीम डेक हा हातातला गेमिंग कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. त्यावर लोक विंडोजचेच गेम खेळतात, आणि कोपऱ्यातल्या खिडकीत नाही, अख्ख्या स्क्रीनवर.

मग अर्धी स्क्रीन दिसते ती का? दिसते, नाही म्हणत नाही. गेल्याच आठवड्यात एक कास्तकार आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन आले. लॅपटॉप युरियाच्या धुतलेल्या पोत्यात गुंडाळलेला. चालू केला. पोराने जुना क्रिकेटचा गेम सुरू केला, तर डावीकडे वरच्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढं मैदान, बाकी सगळा डेस्कटॉप उघडा. खाली पॅनेल, म्हणजे बटणांची पट्टी, जसंच्या तसं. माउस जरा उजवीकडे सरकला की गेमच्या बाहेर पडायचा, क्लिक केलं की गेम खाली जाऊन बसायचा.

“भाऊ, हा टीव्ही अर्धाच काहून दिसून राह्यला? पोट्ट्यानं काही बिघडवलं तर नाही ना?”

पोट्ट्याने काही बिघडवलं नव्हतं. हे धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण होतं. विंडोजच्या जुन्या गेमला सवय अशी की उघडला की अख्खं वावर माझं: स्क्रीनचं रिझोल्यूशन मी बदलणार, माउस मी धरणार, दुसरं कोणी मधे दिसणार नाही. लिनक्सवर मात्र खिडक्यांची वाटणी करायला विंडो मॅनेजर बसलेला असतो. तो म्हणतो, पॅनेलची जागा माझी, खिडकी कुठे ठेवायची ते मी ठरवणार. दोघांच्या मधे वाइन, तलाठ्यासारखा. गेमने ८०० × ६०० मागितलं आणि स्क्रीन १३६६ × ७६८ वरच राहिली, की गेम आपल्या हिश्श्यापुरता कोपऱ्यात बसतो. ताकद कमी पडत नाही, ताबा कोणाचा ते ठरलेलं नसतं.

अशा वेळी मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. आधी गेमच्याच सेटिंगमध्ये स्क्रीनइतकं रिझोल्यूशन मिळतं का ते पाहायचं. निम्मी प्रकरणं इथेच मिटतात, आणि लोक नेमकं हेच पाहत नाहीत. ऑल्ट आणि एंटर एकदम दाबून पाहायचं. बऱ्याच गेममध्ये खिडकी आणि फुल स्क्रीन यांची अदलाबदल त्याने होते. डेस्कटॉपला १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग लावलेलं असेल तर ते शंभरावर आणायचं, नाहीतर गेमला स्क्रीनचं मापच चुकीचं कळू शकतं. तरी जमलं नाही तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ‘वाइनसीएफजी’ (winecfg) एवढंच टाइप करायचं. एक छोटी खिडकी उघडते. त्यात ग्राफिक्सच्या पानावर सगळ्यात वर माउस पकडून ठेवायचा पर्याय आहे, त्यावर टिक केली की फुल स्क्रीन असताना माउस बाहेर पळत नाही. त्याच पानावर व्हर्च्युअल डेस्कटॉपचा पर्याय आहे. तो लावला आणि माप स्क्रीनइतकंच दिलं, की वाइन गेमसाठी वेगळा तुकडा आखून देतं. त्या तुकड्यात गेमने काय हवा तो धिंगाणा घालावा, विंडो मॅनेजर आत येत नाही.

पण व्हर्च्युअल डेस्कटॉप चित्र मोठं करत नाही. तुकडा आखतो, वावर वाढवत नाही. गेम ६४० × ४८० च्या वर जायलाच तयार नसेल तर तुमची खिडकीही तेवढीच राहणार. हे शिकवणारे व्हिडिओवाले इथे थांबतात आणि पोरं माझ्याकडे येतात. अशा गेमसाठी गेम सुरू करण्याआधी स्क्रीनलाच गेमच्या मापावर आणायचं. त्यासाठी लिनक्समध्ये एक्सरँडआर (xrandr) नावाची कमांड आहे. मी टेक्स्ट फाइलमध्ये तीन ओळी लिहून देतो: पहिली स्क्रीन लहान मापावर आणते, दुसरी गेम चालवते, तिसरी स्क्रीन मूळ मापावर नेते. डेस्कटॉपवर त्याचं चिन्ह करून दिलं की पोराला टर्मिनल पाहावंही लागत नाही. काही गेम आधी लाँचर, म्हणजे सुरुवातीची छोटी खिडकी, उघडतात आणि मग खरा गेम. तिथे तिसरी ओळ घाईने चालून जाते. तेव्हा मधे वाइनसर्व्हरला ‘डॅश डब्ल्यू’ लावून (wineserver -w) एक ओळ वाढवायची, म्हणजे वाइनचं सगळं आवरेपर्यंत ती थांबते.

‘ग्राफिक्सच्या पानावर विंडो मॅनेजरचा ताबा काढून टाका’ हा सल्लाही फिरतो. पॅनेल गेमच्या वर येत असेल तर त्याने जातं, खरं आहे. पण मग ऑल्ट-टॅब नीट चालत नाही, कधी कीबोर्डच गेमकडे जात नाही. मी तो शेवटी ठेवतो. गेम हलताना चित्र फाटल्यासारखं दिसत असेल किंवा अडखळत असेल, तर एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर मांडणारा भाग) बंद-चालू करून पाहावा, कधी त्यानेच काम होतं.

आता काळ्या पट्ट्या. मेसेजमधला सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात पटणारा मुद्दा हाच. जुने गेम ४:३ च्या स्क्रीनसाठी बनले, तेव्हाचे पेटीसारखे मॉनिटर आठवा. आजचा लॅपटॉप १६:९ चा. ६४० × ४८० चं चित्र उंची भरेपर्यंत वाढवलं, तर ४८० चे ७६८ होतात, म्हणजे १.६ पट. तेवढ्याच पटीने रुंदी होते १०२४. स्क्रीनची रुंदी १३६६. उरले ३४२, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे: १७१-१७१ पिक्सेलच्या दोन पट्ट्या. यात ग्राफिक्सच्या ताकदीचा संबंध कुठे आला? लाखभराचा लॅपटॉप आणला तरी हा भागाकार बदलत नाही. पट्ट्या घालवायच्या असतील तर चित्र आडवं ताणावं लागतं, जवळपास एक तृतीयांश जास्त. मग चेंडू अंड्यासारखा दिसतो आणि बॉलर बाजरीच्या पोत्यासारखा.

त्या कास्तकारांना हे पटायला वेळ लागला. “एवढी जागा वाया जाऊन राह्यली ना मंग,” ते म्हणाले. मी ताणून दाखवलं. पोरगाच म्हणाला, “नको दादा, आधीचंच ठेवा.”

चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टकार्डाएवढं चित्र, हे मात्र वेगळं दुखणं. तिथे रिझोल्यूशन बदललेलं असतं, पण लॅपटॉपची स्क्रीन ते वाढवून दाखवत नसते. बऱ्याच लॅपटॉपवर एक्सरँडआरमध्येच ‘स्केलिंग मोड’ सापडतो. तो ‘सेंटर’वर असेल तर ‘फुल ॲस्पेक्ट’ करायचा: उंची भरते, प्रमाण टिकतं. नुसतं ‘फुल’ केलं की पुन्हा अंड्याचा चेंडू.

ग्राफिक्स खरंच आडवं येतं अशी एक जागा आहे, तीही सांगतो. इंटरनेटवर सध्या गेमस्कोप वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. चीज चांगली आहे. गेमला आतून एक माप दाखवते, बाहेर स्क्रीनला दुसरं, आणि मधलं वाढवणं स्वतः करते. पण तिला व्हल्कन लागतं. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला लिनक्सवर व्हल्कन नाहीच, तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहे ते अर्धवट. आपल्याकडे फिरणारे लॅपटॉप नेमके याच पिढ्यांचे. तेव्हा शहरातला कोणी ‘गेमस्कोप लाव, झालं’ म्हणाला आणि तुमच्याकडे उघडलंच नाही, तर तुम्ही काही चुकलात असं नाही. डीएक्सव्हीकेचीही तीच गत. या यंत्रांवर वाइनचा ओपनजीएलवाला जुना रस्ताच धरावा, वीस वर्षांपूर्वीच्या गेमला तो बहुतेकदा पुरतो.

रिझोल्यूशन बदलल्याने स्क्रीन बिघडते, हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. गेम मधेच क्रॅश झाला की कधी कधी मूळ माप परत येत नाही, आयकॉन भाकरीएवढे दिसतात आणि माणूस घाबरतो. डिस्प्लेच्या सेटिंगमधून माप बदला, नाहीतर लॅपटॉप बंद करून चालू करा. बिघडलेली स्क्रीन रीस्टार्टने दुरुस्त होत नसते.

राहिलं विंडोज. तिथे असा त्रास कधीच नसतो, हे लिहिणाऱ्याने जुना गेम विंडोजवर लावून पाहिलेला दिसत नाही. विंडोज १० मध्ये कुठल्याही गेमच्या फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, कंपॅटिबिलिटीचं पान उघडा. ‘६४० × ४८० मध्ये चालवा’, ‘२५६ रंगांत चालवा’, ‘फुल स्क्रीन ऑप्टिमायझेशन बंद करा’, वर डीपीआयचं, म्हणजे स्क्रीनवर सगळं किती मोठं दिसावं त्याचं, वेगळं बटण. त्रास नव्हता तर मायक्रोसॉफ्टने एवढी औषधं कपाटात कशाला ठेवली? डायरेक्टड्रॉ या विंडोजच्या जुन्या चित्रपद्धतीवरच्या गेमसाठी सीएनसी-डीड्रॉ नावाची एक फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकतात, ती मुळात विंडोजवाल्यांच्याच सोयीची. वाइनमध्येही चालते, फक्त वाइनसीएफजीच्या लायब्ररीजच्या पानावर ‘डीड्रॉ’चं नाव जोडून बाहेरची फाइल आधी वापर, असं सांगावं लागतं.

आणि ते ‘फुल व्हर्जन’. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट देण्याची मुदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ठरवली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो, जो या लॅपटॉपांत नाही. म्हणजे मेसेजवाला तुम्हाला जुनं विंडोज, तेही कुलूप तोडलेलं, टाकायला सांगतोय. ते कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर बहुतेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतं. त्याच लॅपटॉपवर बापाच्या आधारचा स्कॅन, सातबारा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो पडलेला असतो. फॉर्म भरताना मी स्वतः पाहतो, डेस्कटॉपवरच असतात.

मेसेजात एक खरी गोष्ट यायला हवी होती, ती लिहिणाऱ्याला सुचलीच नाही. काही ऑनलाइन गेम लिनक्सवर चालत नाहीत, व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट ही ठळक नावं. कारण त्यांची चीटिंग पकडणारी यंत्रणा. तिथे वाइनसीएफजीत कितीही टिका मारा, उपयोग नाही. तुमच्या मुलाला तेच खेळायचं असेल तर मी लिनक्स टाकून देत नाही, तसं आधीच सांगतो.

बाकी कोणाचा गेम कोपऱ्यात अडकला असेल तर गेमचं नाव, तो कोणत्या सालचा, आणि स्क्रीनचा एक फोटो घेऊन या. फोटो मोबाइलने काढा, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉटमध्ये लॅपटॉपच्या कडेच्या काळ्या पट्ट्या येतातच असं नाही. आणि चार्जर विसरू नका. लाइट गेली की बॅटरीवर दोन मिनिटंही न टिकणारे लॅपटॉप आहेत सगळे, आणि जुन्या गोल पिनचा चार्जर माझ्याकडे एकच उरलाय.