कडुनिंब टेम्पोने ओढू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

धोक्याचं झाड कसं काढावं या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘एका झाडासाठी क्रेन, हेल्मेट, दोन-दोन दोर सांगून तुम्ही लोकांना घाबरवता. आमच्या वडोदऱ्यातल्या दांडियाबाजारच्या वाड्यातला 35 फुटी कडुनिंब शेजारच्या पत्र्यावर झुकलाय. घेर पाच फूट. मागच्या वर्षी गॅसच्या लाइनचा चर खणला तेव्हापासून कल वाढलाय. रविवारी चार माणसं लावतो, टेम्पोला दोर बांधून उलट्या बाजूला ओढतो, दोन तासांचं काम. आणि वडावरून नाव पडलेल्या शहरात झाडं तोडायला शिकवताच कशाला?’

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. झाड खरंच धोक्याचं आहे का, हा प्रश्न मी लेखात सर्वात आधी घ्यायला हवा होता. झुकलेलं प्रत्येक झाड पडत नाही. खोड बुंध्याशी वाकडं असून वर पुन्हा सरळ उभं राहिलं असेल, तर तो कल जुना असतो आणि झाडाने स्वतःला सावरलेलं असतं. तुमचा कल चर खणल्यानंतर वाढला आहे, म्हणून मला काळजी वाटते.

कलत्या झाडाला उलट्या बाजूची मुळं ताणून धरतात. चर कुठून गेलाय ते टेपने मोजा. पाच फूट घेर म्हणजे व्यास सुमारे 48 सेंटिमीटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण दीड मीटरच्या आत, आणि पत्र्याच्या विरुद्ध बाजूने चर गेला असेल, तर धरून ठेवणारी मुळंच कापली गेली असण्याची शक्यता मोठी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून मऊ पडते. मुळं तुटलेलं झाड अशा मातीत वारा नसतानाही पडू शकतं. त्याच बाजूला जमीन उचललेली किंवा फरशी सुटलेली दिसते का, तेही बघा. बुंध्याशी कडक, तपकिरी, फळीसारखी बुरशी आली असेल तर मुळं आतून कुजत आहेत असं धरा. लाकडी हातोडीने खोड चारही बाजूंनी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर बारीक गिरमिटाने निरोगी कवच किती जाड आहे ते पाहता येतं. त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे तुमच्या खोडात 8 सेंटिमीटरपेक्षा ते पातळ असलं, तर खोडावर भरवसा ठेवू नका. खोडाला उघडी ढोली असेल तर एवढंही पुरत नाही.

यातलं काहीच सापडलं नाही तर झाड राहू द्या. पत्र्याकडच्या फांद्या हलक्या करा; एका वेळी एकूण पाल्याच्या पाव हिश्श्याहून जास्त काढू नका. तुमच्या वडाचा मान त्यातही राहतो.

आता टेम्पोचं. झाड दोराच्या दिशेने येतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते कुठे जाईल हे खोडात न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी ठरवते. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव हिश्श्याएवढी खाच, मागून तिच्या टोकापेक्षा दोन-चार सेंटिमीटर वर दुसरा काप, आणि मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणजे तुमच्याकडे 5 सेंटिमीटरची पट्टी. ती बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला दिशा देते. कलाच्या उलट पाडायला गेलात तर या बिजागरीवर आणि दोरावर सगळा भार येतो, आणि दोर क्षणभरही सैल पडून चालत नाही. टेम्पो तर हिसक्याने चालतो. क्लच सुटला किंवा ओल्या फरशीवर टायर घसरला की दोर ढिला, बिजागरी तुटली आणि झाड पत्र्यावर.

शिवाय जागेचं गणित बसत नाही. दोर झाडाच्या दोन-तृतीयांश उंचीवर, म्हणजे 23 फुटांवर बांधायचा. टेम्पो झाडापासून 23 फुटांवर उभा केला तर दोर 45 अंशांत येतो, ओढीचा साधारण 70 टक्केच भाग आडवा लागतो आणि 35 फुटांचं झाड थेट टेम्पोवर येतं. म्हणजे टेम्पो झाडापासून किमान 45 फूट दूर हवा. वाड्यात एवढी मोकळी जागा कुठे असते? नायलॉनचा दोर ताणून तुटला तर चाबकासारखा परत येतो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. आणि तिथे माणसं जमतातच.

उलट, कलाच्याच बाजूला पाडताना वेगळा धोका असतो. मागचा काप अर्धवट असतानाच खोड उभं फाटतं, फाटलेला भाग मागे उसळतो आणि करवत धरलेल्याच्या छातीवर बसतो.

म्हणूनच वाड्यातलं झाड पाडायचं नसतं, उतरवायचं असतं. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला 800 ते 1000 किलो धरा. तुमच्या खोडाचा एक मीटरचा तुकडा साधारण दीडशे ते एकशेऐंशी किलो भरतो. तो सुटून दोराला झटका बसला की भार वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणून छोटे तुकडे घ्यायचे, दोर वरच्या पुलीतून आणायचा आणि खाली बुंध्याला तीन-चार वेढे देऊन हळूहळू सोडायचा. गच्च आवळून धरायचा नाही. दोराच्या तुटण्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त वजन टांगू नका. गाठीनेच ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटते. सुंभाचा जुना दोर नकोच. फांदी कापताना आधी खालून पाव ते एक-तृतीयांश जाडीपर्यंत काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत येत नाही. वर चढलेल्याचा पट्टा आणि सुरक्षादोर कापत असलेल्या भागाला कधीच नसावा, आणि काप घेताना त्याला दोन जागी आधार हवा. माणसं गुजराती बोलणारी असतील तर ‘खेंच’ (ओढ), ‘ढीलुं’ (सैल) आणि ‘थोभ’ (थांब) हे तीनच शब्द ठरवा, आणि ते एकानेच द्यायचे.

पण मुळं तुटलेली किंवा खोड पोकळ निघालं, तर या झाडावर कोणी चढायचंही नाही आणि त्याच्यावर पुलीही टांगायची नाही. मग बाहेरून हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) किंवा माणूस उचलणारी लिफ्ट लागते. मी क्रेन सांगितली ती एवढ्यासाठी. हायड्रावाल्याला बूम, म्हणजे क्रेनचा हात, किती लांब न्यावा लागेल ते आधी सांगा. 12 टनांची क्षमता बूम जवळ असताना असते, लांबवल्यावर झपाट्याने घटते. जेसीबीने ढकलायचा सल्ला कोणी दिला तर नको. पोकळ खोड मध्येच मोडतं आणि वरचा भाग केबिनवर येतो.

महापालिकेच्या पार्क अँड गार्डन विभागाची लेखी परवानगी आणि एमजीव्हीसीएल या वीज कंपनीकडून वायर बंद करून घेणं रविवारच्या आत होणार नाही, म्हणून सोमवारी अर्ज द्या. अर्जासोबत चराचे आणि उचललेल्या जमिनीचे फोटो जोडा. टेपची मापं इथेच खाली लिहा, पुढचं बघू. तोवर शेजाऱ्यांना आजच सांगा: पत्र्याखालच्या खोलीत रात्री कोणी झोपू नये.