नागरिकांना आधी नकाशा दाखवा, मग मदत मागा

पोलीस आणि नागरिकांच्या बैठकीचा साचा ठरलेला असतो. अधिकारी बोलतात, "संशयास्पद काही दिसलं तर कळवा" असं आवाहन होतं, फोन नंबर वाटले जातात आणि सगळे घरी जातात. गुन्ह्यांचा नकाशा मात्र ठाण्यातल्या संगणकातच राहतो. माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. ज्यांच्या गल्लीवर लाल ठिपका पडलाय, त्यांनाच तो सगळ्यात आधी दाखवला पाहिजे. ठिपका चुकीचा असेल तर ते पाच मिनिटांत सांगतील.

आणि ठिपके चुकतात, अगदी साध्या कारणांनी चुकतात. तक्रारीत पत्ता "शाळेच्या मागे", "पुलाखाली" असा लिहिलेला असतो. सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. मग अनेकदा ती नोंद ठरवून दिलेल्या एखाद्या मध्यबिंदूवर जाऊन पडते. अशा नोंदी साचत गेल्या की जिथे फारसं काही घडलेलंच नाही तिथे गुन्ह्यांचा ढीग दिसायला लागतो. 2009 साली लॉस एंजेलिस पोलिसांच्या सार्वजनिक नकाशात हेच उघडकीस आलं होतं: पत्ता न जुळलेल्या नोंदी मुख्यालयाजवळच्या एकाच बिंदूवर गोळा होत होत्या. म्हणून नकाशा उघडला की पहिला प्रश्न हा विचारायचा: किती टक्के नोंदींचा पत्ता जुळला? या क्षेत्रात 85 टक्के ही किमान पातळी धरतात. त्याखाली असाल तर आधी पत्ते दुरुस्त करा. "शाळेच्या मागे" म्हणजे मागचं फाटक की मैदानाकडची गल्ली, हे तिथे राहणारा माणूस चटकन सांगतो. अर्थात नकाशा दाखवताना घर क्रमांक आणि नावं काढून टाकायची. घरगुती हिंसा आणि लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदी तर त्यावर आणायच्याच नाहीत. छोट्या वस्तीत ठिपक्यावरून माणूस ओळखू येतो.

वेळेचा घोळ याहून मोठा. समजा, रात्री 10 वाजता लावलेली दुचाकी सकाळी 6 वाजता जागेवर नाही. नोंदीत "6 वाजता" जातं. अशा नोंदी जमल्या की आलेखात पहाटेचा उंच खांब उभा राहतो आणि गस्त पहाटे लागते, चोऱ्या मात्र मध्यरात्रीच होत राहतात. यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे. चोरी 8 तासांत कधीही झाली असेल, तर प्रत्येक तासाला 0.125 गुण द्या. दुसरी गाडी 1 ते 3 या वेळेत गेली असेल, तर त्या दोन तासांना 0.5-0.5 द्या. अशा तीस-चाळीस नोंदींची तासवार बेरीज केली की खरा उंचवटा कुठे आहे ते दिसायला लागतं. साध्या स्प्रेडशीटमध्ये हे होतं. शेजाऱ्यांना विचारायचा एकच प्रश्न: गाडी जागेवर शेवटची कधी पाहिली? कोणी साडेबाराला पाहिली असेल, तर 8 तासांचा पट्टा साडेपाच तासांवर येतो.

जे ठाण्यात पोचतच नाही, त्याचं काय? वेल्समधल्या कार्डिफमध्ये शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी दाखवून दिलं की मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग तिथे तातडीच्या विभागात नोंदणी करतानाच कुठे, कधी आणि कशाने मारलं हे विचारायला सुरुवात झाली. ओळख काढून टाकलेली ही माहिती पोलीस आणि स्थानिक प्रशासनाकडे जाऊ लागली. "कुठे" म्हणजे रस्त्याचं किंवा जागेचं नेमकं नाव. "शहरात" असं उत्तर निरुपयोगी. ही पद्धत कुठल्याही शहरात उभी करता येते, आणि ती न करण्याचं एकही पटणारं कारण मला दिसत नाही.

फक्त पोलिसी नोंदींवर विसंबलं तर चक्र कसं फिरतं तेही बघा. जिथे गस्त जास्त तिथे पकडलं जास्त जातं. म्हणून नोंदी वाढतात, म्हणून गस्त आणखी वाढते. अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी, गुन्हा कुठे घडेल याचं भाकीत करणाऱ्या गणिती पद्धतीत घालून 2016 साली हे तपासलं गेलं. पद्धत पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांकडे पाठवत होती, प्रत्यक्षात नशेचं प्रमाण शहरभर पसरलेलं असताना. ज्या वस्तीला हे सोसावं लागतं, ती नंतर माहिती देत नाही. मग नोंदी आणखी आंधळ्या होतात.

म्हणजे नकाशा फेकून द्यायचा का? अजिबात नाही. गुन्हे खरोखरच थोड्या जागांवर एकवटलेले असतात. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस शहरातल्या 1989 सालच्या अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे फोन सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून होते. तेव्हा "संपूर्ण प्रभाग सुरक्षित करू" म्हणण्यापेक्षा एक चौक, एक वाहनतळ, एकच गुन्हा घ्या. तिथे गस्त किती वेळ हवी? 10 ते 15 मिनिटं दिसेल असं थांबायचं, मग निघून जायचं आणि न ठरलेल्या वेळी परत यायचं. त्याहून जास्त रेंगाळून परिणाम वाढत नाही, हे 1995 पासून माहीत आहे.

पण गस्त निघून गेल्यावर जागा बदललेली असली पाहिजे. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या रॉचडेल इथली कर्कहोल्ट वसाहत, साल 1986. घरफोड्या प्रचंड होत्या. चोर, फोडली गेलेली घरं आणि शेजारी अशा तिघांनाही प्रश्न विचारले गेले. जवळपास निम्म्या घरफोड्यांत नाणी टाकायचे वीज आणि गॅसचे मीटर फोडलेले निघाले. शिवाय एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती. मग मीटर काढले, नेमके ज्या दारा-खिडक्यांतून चोर शिरत होते ते भक्कम केले, आणि फोडलेल्या घराभोवतीच्या सहाएक घरांना फक्त त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. पाच महिन्यांत घरफोड्या आधीच्या 40 टक्क्यांवर आल्या. अख्ख्या वसाहतीवर पहारा ठेवा म्हटलं असतं तर लोक आठवडाभरात कंटाळले असते. सहा घरं, एक दार, एवढंच मागितलं म्हणून ते झालं.

बैठकीला कोण येतं यावर बरंच ठरतं. शिकागोत 1993 पासून पोलीस बीटनिहाय, म्हणजे गस्तीच्या छोट्या भागानुसार, बैठका सुरू झाल्या. तिथेही घरमालक आणि वयस्क मंडळी जास्त, भाडेकरू आणि तरुण कमी असंच दिसलं. त्यामुळे प्राधान्यक्रम एकाच गटाचे ठरतात. रात्रपाळीवाले, फेरीवाले, भाडेकरू यांच्याकडे आपण जायचं. अंधार पडल्यावर चार-पाच जण मिळून त्या जागेवरून तासभर चालून या: कुठला दिवा बंद, कुठल्या झाडाने प्रकाश अडवलाय, कुठल्या बोळाला दोन्हीकडून वाट आहे.

व्हॉट्सॲप गटाबद्दल मी आग्रहाने सांगेन. "संशयित" म्हणून अनोळखी माणसाचा फोटो टाकणं पहिल्या दिवसापासून बंद. काय घडलं, कुठे, किती वाजता, कोणत्या दिशेने गेले, एवढंच लिहायचं. माणूस कसा दिसतो यावरून संशय घ्यायचा नाही. तो काय करत होता ते लिहा. हा नियम नसलेले गट अफवांनी निरपराधांना संकटात टाकतात.

राहता राहिलं मोजमाप. महिन्याला 12 चोऱ्यांच्या 8 झाल्या की अभिनंदन सुरू होतं. पण अशा मोजणीत साधारण आकड्याच्या वर्गमूळाएवढा चढउतार काही न करताही होतो, आणि 12 चं वर्गमूळ साधारण साडेतीन. त्यातून आपण निवडलेला महिना सगळ्यात वाईट असेल तर पुढचा आपोआप बरा दिसणारच. म्हणून मागच्या वर्षीचे तेच महिने, शेजारच्या गल्ल्या आणि उपाय न केलेली तशीच एखादी जागा, असे तीन आकडे शेजारी ठेवा. विश्वास वाढला तर तक्रारी आधी वाढतात हेही ध्यानात असू द्या. त्यासाठी ठाण्याला दोषी धरलं तर नोंदीच टाळल्या जातील.

पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं फक्त एका कागदासाठी राखून ठेवा: मागच्या वेळी काय मागितलं, कोणी करायचं होतं, झालं की नाही, नसेल तर का.