‘सासूबाईंच्या हाती कोलीत दिलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. ‘पस्तिशीनंतर दिवस राहणं अवघड’ हा माझा लेख नणंदेनं घरच्या ग्रुपवर टाकला आणि २९व्या वर्षीच तुम्हाला ‘उशीर केला’ ऐकावं लागलं. शिवाय तुमच्या आजीला ४३व्या वर्षी धाकटे काका झाले, मग माझं खरं कसं, हा तुमचा सवाल.

आधी आजी. काका धाकटे, म्हणजे ते त्यांचं शेवटचं बाळंतपण. कुटुंबनियोजन नव्हतं तेव्हाही बायकांचं मूल होणं साधारण चाळिशीच्या आसपास थांबायचं. पोरगी जन्मते तीच १०-२० लाख स्त्रीबीजं घेऊन, पुढं नवी बनत नाहीत. वयात येईस्तोवर तीन-चार लाख उरतात, सदतिशीला २५ हजारांच्या आसपास. उरलेल्यांत गुणसूत्रांचा घोळ वाढत जातो, म्हणून गर्भ पडण्याचं प्रमाणही वाढतं. हे मी मागं घेणार नाही.

पण २९ म्हणजे उशीर नव्हे. वर्षभर प्रयत्न करा, मग डॉक्टर. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने, चाळिशीत मात्र वाट बघूच नये. एवढं मूळ लेखात लिहायला हवं होतं. राहिलं, चूक माझी. आज भर घातली आहे.

आणि कोलीत म्हणाल, तर आमच्या घरातलं सांगते. माझ्या चुलत जाऊबाई ३१व्या वर्षापासून वाट पाहत होत्या. सोळा सोमवार झाले, अंगारे झाले, नळ्यांची तपासणी झाली. दर खेपेला एकट्या एस.टी.नं यवतमाळला जायच्या, रिपोर्ट रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. दीर खर्रा चोळत ओट्यावर. तपासणीचं काढलं की, “मले काय धाड भरली? मी तं धडधाकट हाओ!” पाच वर्षांनी एकदाचे गेले. शुक्रजंतू जवळपास नव्हतेच. मग टेस्ट ट्यूबचा विषय निघाला, तर डॉक्टरांनी आधी जाऊबाईंचं वय विचारलं. छत्तीस. टेस्ट ट्यूब झाली तरी बीज वापरायचं ते त्याच वयाचं.

ती पाच वर्षं कोणी घालवली, हे आमच्या घरात आजवर कोणी बोललं नाही. मीही नाही, खरं तर.

म्हणून नणंदबाईंना हेही ग्रुपवर टाकायला सांगा: मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं. पुरुषाची पहिली तपासणी सगळ्यात सोपी. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, लॅबमध्ये नमुना द्यायचा. ना सुई, ना भूल. तंबाखू-खर्रा सुटला तर बरंच, पण नवे शुक्रजंतू तयार व्हायला अडीचेक महिने लागतात, तेव्हा फरक बघायचा तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सासूबाईंनी विचारलं तर माझं नाव सांगा.