‘सोलर बसवूनही बिल तेवढंच’ : तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की, आमच्याकडून २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर घेऊन वर्ष होत आलं तरी लाइट बिल होतं तेवढंच येतं, सकाळी नळाला आधी गारच पाणी येतं, मित्राकडे पाच-सहा हजारांचा गॅस गिझर झकास चालतोय, आणि हीट पंपाने ७० टक्के बचत होते हे न सांगता आम्ही महागडी वस्तू तुमच्या गळ्यात मारली. ‘गळ्यात मारली’ हे सोडलं तर बाकीचं बोलण्यासारखं आहे. फोनवरही बोललो असतो, पण हेच प्रश्न थंडी सुरू झाली की नाशिकभरातून लोक दुकानात येऊन विचारतात, म्हणून इथेच लिहितो.

आधी बिल. मागच्या आठवड्यात आमचा फिटर सर्व्हिसला आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, गच्चीवर चटका बसेल असं ऊन होतं, आणि जिन्यातल्या बोर्डावर सोलरच्या टाकीतल्या विजेच्या कॉइलचा लाल दिवा चालू होता. बटण कायम चालूच असतं, बंद केलं तर पाणी गार होईल, असं घरून त्याला सांगितलं गेलं. दुखणं तिथे आहे. टाकीतली कॉइल ढगाळ दिवसांसाठी असते. ती चोवीस तास चालू ठेवली की गच्चीवर २०० लिटरचा इलेक्ट्रिक गिझर बसवल्यासारखं होतं, उन्हाने पाणी तापवणाऱ्या नळ्या नुसत्या शोभेला.

होतं कसं बघा. सकाळी आठपर्यंत सहा जणांच्या आंघोळी आणि भांडी उरकली की टाकीतलं ८० ते १०० लिटर गरम पाणी गेलेलं असतं, आणि तेवढंच गार पाणी आत आलेलं असतं. थर्मोस्टॅटला ऊन-सावली कळत नाही. पाणी गार लागलं की तो कॉइल चालू करतो. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ४००० किलोकॅलरी लागतात, आणि एका युनिटमधून ८६० मिळतात. म्हणजे साडेचार युनिटच्या वर. २ किलोवॉटची कॉइल हे काम सव्वादोन-अडीच तासांत उरकते, म्हणजे ऊन तापायच्या आत. मग सूर्याला काम काय उरलं? महिन्याचे १३०-१४० युनिट असे जातात. त्या बिलावर घरातलं आणखी काय काय वाढलंय ते चारचौघांत लिहीत नाही, भेटल्यावर बोलू. फक्त डिसेंबरचं बिल मे महिन्याच्या बिलाशी लावू नका.

आता गॅस गिझर. तुमच्या मित्राचं खोटं नाही, तोही मी विकतो. सगळ्यांना एकच माप लावू : तुमच्या घरचं आंघोळीचं सहा बादल्या पाणी, धरा १२० लिटर, थंडीत २० अंशांवरून ४० वर न्यायचं. त्याला उष्णता लागते २.८ युनिट.

साधा इलेक्ट्रिक गिझर टाकीतून वाया जाते ती धरून सव्वातीन युनिट खाईल. १०० युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क मिळून युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला साडेअकराशेच्या पुढे. गॅस गिझरमध्ये जळलेल्या गॅसपैकी साधारण ८० टक्के उष्णता पाण्यात उतरते, बाकीची धुराबरोबर जाते. तरीही १४.२ किलोचा सिलिंडर निव्वळ आंघोळीला पन्नास दिवस पुरतो. सिलिंडर ९०० चा धरला तर महिन्याला सव्वापाचशे-साडेपाचशे. विजेच्या निम्म्याहून कमी. पटतंय, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहणाऱ्या जोडप्याला मी डोळे झाकून गॅसच सांगतो.

तुम्हाला का नाही सांगितला? तुमची वरची बाथरूम गच्चीतल्या टाकीच्या अगदी खाली आहे. तिथे पाण्याला दाब इतका कमी की गॅस गिझर पेटताना कुरकुर करतो, साबण लावलेला असताना विझतो. त्यासाठी वेगळा प्रेशर पंप लागला असता. खालच्या बाथरूमला बाहेरची भिंत नाही, फक्त डक्टमध्ये उघडणारी छोटी झडप आहे, आणि थंडीत ती सगळे बंद करून घेतात. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगी येऊन खाली बसतो तो उठत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायला जागा नसेल तर मी तो विकत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

हीट पंपाचं ७० टक्के खरं आहे, पण कशाच्या तुलनेत ते कोणी सांगत नाही. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो, म्हणजे उलटा चालणारा फ्रिज. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटची उष्णता देतो, कधी थोडी जास्त. तुमच्या सहा बादल्यांना त्याला रोज एखादं युनिट लागेल, महिन्याचे साडेतीनशे-चारशे रुपये. इलेक्ट्रिक गिझरपुढे ही बचतच. पण उन्हाच्या दिवशी सोलरचा खर्च शून्य असतो, आणि घरगुती हीट पंपाची किंमत तुमच्या सोलरच्या दुप्पट-तिप्पट. इगतपुरीच्या एखाद्या हॉटेलवाल्याला मी हीट पंपच सुचवीन, कारण तिथे पावसाचे चार महिने सोलर आजारी असतो आणि पाणी लागतं हजारो लिटर. तुमच्या मोकळ्या दक्षिणाभिमुख गच्चीवर तो कशाला?

सोलरचे पैसे कधी वसूल होतात तेही सांगतो. कॉइल फक्त गरजेला वापरली तर इलेक्ट्रिक गिझरच्या तुलनेत साधारण तीन वर्षांत. गॅसच्या तुलनेत सहा-सात वर्षं लागतात, हे मी विकतानाही सांगतो. नळ्या-टाकी नीट सांभाळली तर पुढची काही वर्षं फायद्याची.

सांभाळायचं म्हणजे काय, ते तुमच्या नळ्यांवर दिसलं. फिटरने एक नळी उतरवली तर तळाला बोटभर पांढरा चुनकट गाळ होता. तुमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे, ते जड आहे. वर्षातून एकदा नळ्या साफ कराव्या लागणार, आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला की बदलावा लागणार. नाहीतर त्या रॉडऐवजी टाकीचा पत्रा गंजेल.

राहिलं सकाळचं गार पाणी. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पाइप पंधरा-सोळा मीटर आहे. मीटरला पाव लिटर धरलं तरी आधी चार लिटर साठलेलं गार पाणी येणारच, कुठल्याही कंपनीचा सोलर लावा. उन्हाने त्यात फरक पडत नाही. एकापाठोपाठ एक आंघोळी केल्या तर ते एकदाच काढावं लागतं, तासातासाने केल्या तर प्रत्येक वेळी. उघड्या पाइपवर फोमचं आवरण घातलं तर मधल्या वेळात तो कमी निवतो. ते काम किरकोळ आहे.

कॉइलला टायमर लावून घ्या. चांगला १६ अँपिअरचा घ्या, बाजारातला स्वस्तातला नको, ही कॉइल नऊ अँपिअर खाते. आता थंडीत तो बंदच ठेवा. दिवसभर ऊन मिळालेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला पुरतं, फक्त रात्री कोणी टाकी रिकामी करू नका. पावसाळ्यात टाकी कोमट असेल तर आंघोळीच्या आधी तासभर, सलग ढग असतील तर दोन तास. टायमर तुम्ही आणा किंवा आमच्याकडचा घ्या, बसवायचे पैसे घेणार नाही. येताना मागच्या वर्षीच्या नोव्हेंबर ते जानेवारीची बिलं घेऊन या, यंदाची त्याच महिन्यांची शेजारी ठेवून बघू. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवस साडेदहा ते आठ मी गल्ल्यावरच असतो.