हॉटेल ठरवलंत, आता खोलीही विचारून घ्या

गेल्या महिन्यात आईला घेऊन एका मोठ्या शहरात गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून इस्पितळापर्यंत चालत जाता येईल असं भर वस्तीतलं हॉटेल बघितलं. चारशेच्या वर खोल्या, फार महाग नाही, अगदी स्वस्तही नाही. फोटो चांगले, लोकांचे अभिप्रायही चांगले. गाडीला उशीर झाला आणि आम्ही पोचलो रात्री साडेअकराला. काउंटरवरच्या मुलानं दोन मिनिटांत कार्ड हातात ठेवलं. खोली स्वच्छ होती, चादरी पांढऱ्याशुभ्र, नळाला पाणी जोरात. आई म्हणाली, "छान आहे गं." आणि मी दिवा मालवला, तशी उशाशी भिंतीपलीकडे लिफ्ट हलली.

मग ती रात्रभर हलत राहिली. घरघर, थांबताना ठक, दार उघडताना टिंग. पाठोपाठ बॅगांच्या चाकांचा खडखडाट, कुणाचं तरी मोठ्यानं बोलणं, धाडकन लागणारं दार. पहाटे चारनंतर दुसऱ्या बाजूनं भांड्यांचा आणि ट्रॉलीचा आवाज सुरू झाला. तिकडे कर्मचाऱ्यांची पँट्री होती. आईनं तक्रार केली नाही. मी कूस बदलली की अंधारातून आवाज यायचा, "तू झोप, मला तशीही झोप कमीच लागते." सकाळी तपासणीच्या मशीनपुढे तिला डोळा उघडा ठेवून एका जागी बघत राहणं जमेना. पापण्या मिटत होत्या. एकच चाचणी तीनदा करावी लागली आणि दर वेळी ती तिथल्या मुलीला "सॉरी" म्हणत होती. ते "सॉरी" माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

हॉटेलचं नाव लिहिणार नाही. कारण दुसऱ्या रात्री त्याच हॉटेलात, त्याच भाड्यात आई नऊ तास गाढ झोपली. बदलली होती ती फक्त खोली.

ती कशी मिळाली ते सांगते. दुपारी परत आलो तेव्हा आमच्या मजल्यावर सफाई करणाऱ्या बाई ट्रॉली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आईचा चेहरा बघितला आणि स्वतःहूनच विचारलं, "झोप नाही झाली ना? या खोलीत कुणालाच होत नाही. वरच्या मजल्यावर पार टोकाची मागा. तिकडे लिफ्ट नाही, पँट्री नाही, मधलं दार नाही." मी खाली जाऊन नेमकं तेवढंच मागितलं आणि पाच मिनिटांत खोली बदलून मिळाली. नवी खोली जराशी लहान होती, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. फोटो काढून पाठवण्यासारखं काहीही नव्हतं. आणि ती शांत होती, इतकी की मला आईचा श्वास ऐकू येत होता.

तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलं, हॉटेलात काम केलेल्या दोन मैत्रिणींना खोदून खोदून विचारलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपण बुकिंग करतो तेव्हा बहुतेक ठिकाणी खोलीचा फक्त प्रकार ठरतो. नंबर ठरतो आपण पोचायच्या दिवशी, कधी आदल्या रात्री. फ्रंट डेस्कवरचं कुणीतरी यादी घेऊन बसतं आणि एकेका नावापुढे खोली टाकत जातं. नेहमी येणारे, सदस्य असलेले, आधी फोन केलेले, लवकर पोचलेले यांना चांगल्या खोल्या जातात. शेवटी उरतात त्या लिफ्टजवळच्या, पँट्रीशेजारच्या. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला त्या येतात. बरीच मोठी हॉटेलं काही लोक येणारच नाहीत हे धरून असतील त्यापेक्षा जास्त खोल्या विकतात. सगळेच आले तर सर्वांत उशिरा येणाऱ्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवायची वेळ येते. आम्हाला निदान खोली तरी मिळाली.

आता आवाज कुठून कुठून येतो ते बघा. लिफ्ट आणि पँट्री सांगून झाली. काही खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असतं, मोठ्या कुटुंबांच्या सोयीसाठी. ते कुलूपबंद असलं तरी दार ते दारच, भिंतीइतका आवाज ते अडवत नाही. खालच्या मजल्यांवरच्या काही खोल्या कार्यक्रमांच्या हॉलच्या बरोबर वर असतात. सगळ्यांत वरचा मजला चांगला असं आपण धरून चालतो, पण गच्चीवर रेस्टॉरंट असेल तर रात्री उशिरापर्यंत डोक्यावर खुर्च्या सरकत राहतात. मागच्या बाजूची खोली शांत असेल असं वाटतं आणि नेमकं तिथेच सामान उतरवायचा धक्का असतो. पहाटे कपड्यांची गाडी येते, कचऱ्याची गाडी येते, ट्रक मागे घेताना भोंगा वाजत राहतो. एसीची मोठी यंत्रं आणि स्वयंपाकघराचा धूर बाहेर फेकणारे पंखे खालच्या एखाद्या गच्चीवर बसवलेले असले, तर त्यांच्या लगतच्या दोन-तीन मजल्यांना रात्रभर घूं ऐकावी लागते.

शेजारच्याचा शॉवर आपल्या उशाशी का ऐकू येतो, याचं उत्तर तर शंभर वर्षांहून जुनं आहे. एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलो इथे हॉटेल बांधलं. मध्यम खिशाच्या प्रवाशालाही स्वतंत्र बाथरूम मिळावी हा त्यांचा आग्रह होता. त्या काळात तशी सोय बड्या लोकांनाच मिळायची. खर्च आवाक्यात राहावा म्हणून त्यांनी दोन खोल्यांच्या बाथरूम पाठीला पाठ लावून बांधल्या आणि दोन्हींचे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. आज बहुतेक मोठी हॉटेलं याच पद्धतीची आहेत. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, त्याच्यामुळे आपल्यासारख्यांना आपली स्वतःची बाथरूम मिळाली. पण ती पोकळी आवाजही वाहून आणते. तिला नीट आवाजबंद करायचं की नाही, हा आज हॉटेल बांधणाऱ्याचा निर्णय असतो.

दारांचंही तसंच. खोलीचं दार आपोआप बंद होतं ते आग लागली तर धूर अडावा म्हणून. २१ नोव्हेंबर १९८० ला लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली आणि ८५ माणसं गेली. आग खालच्या मजल्यावर होती, पण बरेच जण कितीतरी वरच्या मजल्यांवर धुरानं गुदमरून गेले. त्यामुळे ते दार आपणहून बंद व्हायलाच हवं, त्यावर तडजोड नको. पण ते धाडकन आपटायला हवं असं कुठे आहे? दाराच्या वर ते ओढून बंद करणारा क्लोझर असतो, त्याचा स्क्रू फिरवून वेग कमी करता येतो. दार हळू येतं आणि तरीही पूर्ण बंद होतं. देखभालीच्या माणसानं शिडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मजल्यावर एक फेरी मारली की झालं. हे होत नाही याचा मला राग येतो.

"एका रात्रीचं तर आहे, काय बिघडतं" असं म्हणणारे भेटतात. बिघडतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. नव्या जागेतल्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, अनोळखी आवाजावर पहारा दिल्यासारखा राहतो, असं त्यांना आढळलं. आणि हॉटेलातल्या बहुतेक पाहुण्यांची तर पहिलीच रात्र असते, कित्येकांची तीच शेवटचीही. घरी ज्या आवाजानं कूसही बदलणार नाही, त्यानं इथे जाग येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. म्हणजे कुजबुजीएवढा.

विमानात खिडकीची सीट की कडेची, हे आपण नकाशा बघून ठरवतो. हिल्टन या मोठ्या हॉटेल कंपनीनं २०१४ पासून अॅपमध्ये मजल्याचा नकाशा बघून खोली निवडायची सोय द्यायला सुरुवात केली, म्हणजे हे अशक्य नाही. पण खाली हॉल आहे, मागे ट्रक येतात, हे मजल्याच्या नकाशावर दिसत नाही. ते माहीत असतं रोज त्या खोल्यांत जाणाऱ्यांना. एका पाळीत बारा-चौदा खोल्या आवरणाऱ्या त्या बाईंना आपल्या मजल्यावरच्या एकेका खोलीचा स्वभाव पाठ असतो. तो त्यांना कुणी विचारत नाही, कॉम्प्युटरमध्ये भरून घेत नाही. आमच्या पहिल्या खोलीत कुणालाच झोप लागत नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही ती खोली रोज रात्री कुणाला तरी दिली जात होती. हॉटेलवाल्यांनी अशा खोल्यांपुढे "इथे रात्री आवाज येतो" असं बुकिंगच्या पानावर स्पष्ट लिहावं आणि भाडं कमी करावं. गाढ झोपणारे, भाडं वाचवू बघणारे ती आनंदानं घेतील. लपवून माझ्या आईला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तोवर आपणच विचारायला हवं, आणि वेळेवर. बुकिंगच्या साइटवर "शांत खोली हवी" असं लिहून मी निर्धास्त राहिले होते. तो शेरा कितीदा कुणी वाचतच नाही. पोचायच्या दिवशी सकाळी, नंबर वाटले जाण्याआधी, थेट हॉटेलच्या काउंटरवर फोन करायचा. "शांत खोली द्या" एवढं बोलून भागत नाही, त्याला समोरून "हो मॅडम" येतं आणि विषय संपतो. लिफ्टपासून लांब, पँट्रीशेजारी नको, मधलं दार नको, हॉलच्या वर नको, असं एकेक सांगायचं. उशिरा पोचणार असाल तर तेही सांगायचं आणि खोली नावावर टाकून ठेवायला लावायची. रात्री खोलीत शिरल्यावर बॅगा उघडायच्या आत दोन मिनिटं दिवे बंद करून नुसतं उभं राहायचं. आवाज आला तर तेव्हाच खाली जायचं. कपडे कपाटात लावून झाल्यावर आपलाच पाय निघत नाही, हे मी त्या रात्री अनुभवलं. आईला परत उठवायला नको म्हणून गप्प बसले, ते चुकलं.

निघताना त्या बाईंना शोधलं. त्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. आईनं त्यांचे दोन्ही हात हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मी खाली मॅनेजरना त्यांचं नाव घेऊन लेखी कौतुक दिलं आणि सोबत लिहिलं की खोल्या वाटणाऱ्यांनी रोज दहा मिनिटं यांच्याशी बोलावं.

तीन महिन्यांनी आईची पुन्हा तपासणी आहे, पुन्हा सकाळी आठला. टोकाच्या त्या खोलीचा नंबर तिनं तिच्या औषधांच्या वहीत, पहिल्याच पानावर लिहून ठेवला आहे.