रक्त परत अंगात जातं, मग माझ्या भावाचं फेरिटिन ११ कसं?

परवा रात्री धाकट्या भावाने मोबाइल पुढे केला. "अक्का, हे वाच. तू उगाच घोर लावून घेतेस." त्याच्या दुसऱ्या हातात स्टीलची वाटी आणि वाटीत बर्फ. गेले तीन महिने जेवण झालं की हा फ्रीजमधला बर्फ काढतो आणि कडाकडा चावत बसतो. यंत्रमागावर पाळी करून आला की जिन्यात मध्येच कठडा धरून थांबतो. रात्री पाय इतके चाळवतात की उठून फेऱ्या मारतो. वय ३१. दीड वर्षापासून जवळजवळ दर पंधरवड्याला एसडीपी देतोय, म्हणजे यंत्रावर बसून फक्त प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या पेशी. यंत्र रक्त ओढतं, प्लेटलेट्स वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त परत अंगात सोडतं.

मेसेज म्हणतो: प्लेटलेट्स देताना रक्त पूर्ण परत मिळतं, त्यामुळे लोह कमी होतच नाही. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलं की लोह उत्तम. थकवा आलाच तर ते जुनं लोह बाहेर पडून शरीर शुद्ध होण्याचं लक्षण. लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात, गूळ-खजूर पुरे. खाली हात जोडलेले आणि ‘दात्यांपर्यंत पोचवा’.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच नेलं. हिमोग्लोबिन १३.१, फेरिटिन ११. फेरिटिन म्हणजे अंगात लोहाचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाचा साठा संपला असं धरतात. बर्फाची ओढ, पाय चाळवणं, धाप ही लोह कमी पडल्याचीच लक्षणं.

‘रक्त पूर्ण परत मिळतं’ यातला ‘पूर्ण’ हा शब्द खोटा आहे. बहुतेक रक्त परत येतं, हे कबूल. प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात, हेही खरं. म्हणूनच आपल्याकडच्या नियमात दोन वेळांमध्ये ४८ तासांचं अंतर चालतं आणि वर्षाला २४ वेळा देता येतं. पण यंत्राच्या किटमध्ये, नळ्यांमध्ये थोडं रक्त अडकून राहतं आणि ते किटसकट कचऱ्यात जातं. तपासणीच्या बाटल्या वेगळ्या. शीर फुगून काम अर्ध्यावर थांबलं तर आणखी जातं. आकडा यंत्रागणिक बदलतो, पण एका वेळेला ४० मिली धरा. एक मिली रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह, म्हणजे दर खेपेला २० मिलिग्रॅम. २४ खेपांचे ४८०. धडधाकट पुरुषाच्या साठ्यात सगळं मिळून ७०० ते १००० असतं, बायकांच्या ३०० च्या आसपास. जेवणातून अंगी लागतं दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं एक रोजच्या झिजेत जातं. आता करा वजाबाकी.

हिमोग्लोबिनचा मुद्दा म्हणजे घरातला दिवा लागतोय म्हणून बुधलीत तेल आहे असं समजणं. शरीर आधी साठा रिकामा करतं, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं. दात्याचं फेरिटिन बघणं नियमात नाहीच. शिवाय पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं तर जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते, आणि आपल्याकडे १२.५ ला दान चालतं!

पण माझं डोकं फिरलं ते ‘शुद्धी’वर. जुनं लोह, नवं लोह असं काही नसतं हो. तांबडी पेशी १२० दिवसांनी मोडते, तिच्यातलं लोह शरीर जपून काढून घेतं आणि नव्या पेशीत घालतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही, इतकं ते जपण्याचं धन आहे. माझ्या भावाने हे वाचून थकवा आनंदाने सोसला. मागावर चक्कर आली असती आणि हात पट्ट्यात गेला असता, तर ती कुणाची शुद्धी?

गूळ-खजूर खा, ना नाही. पण रिकामा साठा त्याने भरत नाही. २०१५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला. २१५ दाते, एकेक वेळचं साधं रक्तदान. रोज ३७.५ मिलिग्रॅम लोहाची गोळी घेणारे लवकर सावरले. न घेणाऱ्यांपैकी ६७ टक्क्यांचा साठा १६८ दिवसांनीही भरला नव्हता. हे प्लेटलेट्सचे दाते नव्हते, मान्य. पण गेलेलं लोह भरून यायला किती वेळ लागतो ते त्यातून कळतं. आणि आमच्याकडे तर सकाळी कडक भाकरी चहात बुडवून खायची रीत. चहामुळे भाकरीतलं लोह कमीच अंगी लागतं.

गोळ्यांनी मळमळ होते, पोट जड होतं, शौच काळं होतं. हे खरं आहे. पण त्यावर डॉक्टर वेळ किंवा गोळी बदलून देतात. मनाने मात्र सुरू करू नका. मूळव्याध, अल्सर यांतूनही रक्त जात असतं, ते आधी बघावं लागतं.

प्लेटलेट्स देऊ नका असं मी म्हणत नाही. त्या पाचच दिवस टिकतात. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातल्या पोरांना ऐन वेळी धावून येणारी माणसं लागतातच. भावाला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा फेरिटिन करायचंय, तोवर यंत्रावर बसायचं नाही. मेसेज ज्या ग्रुपवरून आला तिथे ३२ दाते आहेत, म्हणून हे तिथेच टाकतेय. वर्षात सात-आठ वेळा दिलं असेल तर या आठवड्यात फेरिटिन करून घ्या. आणि बर्फ खावासा वाटत असेल तर उद्याच.